पेटीतली घंटा

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. दूर जर्मनीत, दाट जंगलाच्या कुशीत हेलेनग्रुंड नावाचे इवलेसे गाव आहे. आज तिथे गाई चरतात; पण एके काळी त्या कुरणाखाली चांदीची खाण होती. तेव्हा गावाच्या टेकडीवर लुडॉल्फ नावाचे एक साधू राहत. आपण त्यांना महाराजच म्हणू.

खाणीत सारखे पाणी झिरपे. ओढ्यावरच्या मोठ्या चाकाने पंप चाले आणि ते पाणी उपसले जाई. महाराजांनी त्या चाकाला एक घंटा जोडून दिली होती. चाक फिरतेय तोवर तिची टणटण खालपर्यंत ऐकू येई. ती थांबली, की हातातले टाकून सगळ्यांनी वर यायचे! योस्ट खाणकामगाराची लेक आग्नेस रोज सकाळी देवाचे नाव घेत ती घंटा पुसायची, तिला तेल द्यायची.

मुकादम रुपर्टला हे खपेना. "चाकात पाचोळा अडकला तरी घंटा थांबते, नि तुम्ही वर पळता! चांदी काय देव येऊन खणणार?" असे म्हणून ऐन हिवाळ्यात त्याने घंटा काढली आणि आपल्या पेटीत कुलपात ठेवली.

"काका, बाबा खाली आहेत. लावा ना घंटा!" आग्नेस काकुळतीने म्हणाली.

"तुझ्या साधूला सांग, पेटीतून वाजवून दाखव म्हणावं!" रुपर्ट खो खो हसला आणि खाणीत उतरला.

आग्नेस रडत टेकडीवर गेली. महाराज लाकडे फोडत होते. ते म्हणाले, "रोज करतेस तेच आजही कर."

"पण घंटाच नाही, महाराज!"

"देव आहे ना? जा, बाळ."

घंटा जिथे टांगलेली असे तो रिकामा आकडा आग्नेसने पुसला, त्यालाच तेल लावले.

आणि काय नवल! खाली योस्टचा हात थबकला. टण... टण... "अरे, घंटा परत लावली वाटतं!" तो म्हणाला. रुपर्टने कंबर चाचपली. पेटीची किल्ली तिथेच होती! त्याचा चेहरा पांढराफटक पडला. थोड्या वेळाने टणटण एकाएकी थांबली.

"चला वर!" योस्ट ओरडला. आज रुपर्टनेही मुकाट्याने शिडी धरली.

वर ओढा गोठला होता, चाक बर्फात रुतले होते. शेवटचा माणूस बाहेर पडला आणि मागे शिडीच्या पायऱ्या पाण्यात बुडू लागल्या.

सगळ्यांदेखत रुपर्टने पेटी उघडली. आत घंटा होती, ताज्या तेलाने चकाकणारी! ती छातीशी धरून रुपर्टने टेकडी गाठली आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. "चुकलो, महाराज!"

महाराज म्हणाले, "ऊठ. घंटेला जपलं ते या पोरीनं."

रुपर्टने आग्नेसपुढेही मान झुकवली. आग्नेसने डोळे पुसले आणि आपले फडके नि तेलाची वाटी त्याच्या हाती दिली.

"उद्या सकाळी तुम्ही पुसायची, काका. कडा नीट पुसा हं," ती म्हणाली आणि बापाचे बोट धरून घरी निघाली.