रंग दिल्यावर कुठे जायचं?

गाड्या माणसांशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. भार्गवतात्यांच्या बेढब मोटारीला सारा गाव 'बेडकी' म्हणून हसे. तात्यांची नजर अधू झाली, तशी मोटार छपराखाली पडून राहिली. विकावी की नवीसारखी करावी, हे त्यांना ठरवता येईना.

"तुला लाल रंग देतो," ते एकदा म्हणाले. "हसणारे बघतच राहतील."

"रंग दिल्यावर आपण कुठे जायचं?" मोटारीने विचारलं.



पुढे भिवरा कुंभारीण मोटार बघायला आली. मागे किती माठ मावतील, एवढंच तिने विचारलं. तात्यांनी फक्त इंजिन दुरुस्त करून मोटार तिला विकली. माठ भरून भिवरा बाजाराला निघाली, तेव्हा मोटारीचा आवाज विरेपर्यंत तात्या फाटकाशी उभे होते.