भिवराईचे करपलेले दाणे

कातळवेढ्याच्या खिंडीत, रस्त्याच्या उजव्या हाताला, गुडघ्याएवढा एक धोंडा आहे. त्याला ना शेंदूर, ना घंटा. नागपंचमीला गावातली प्रत्येक बाई तिथे नैवेद्य ठेवते, पण तो लाह्यांचा नसतो. लाह्या फोडताना जे दाणे न फुटता तळाशी करपून राहतात, ते गणंगच तेवढे तिथे ठेवायचे. पाहुणे विचारतात, "देवीला असलं जळकं का हो?" मग म्हातारे सोनबा गुरव त्यांना धोंड्याशेजारी बसवून घेतात आणि सांगतात.

भिवराई ही देवी नव्हे. ती याच गावातली भिवरा नावाची एक विधवा होती, असे सांगतात.

त्या काळी लागोपाठ दोन वर्षे पाऊस पडला नव्हता. गावाची ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीत खोल खणलेल्या कोठारात, ठेवलेली असे. राखण रावजीकडे होती. वाटपासाठी एक दिवस पहिल्यांदाच पेव उघडले, तर ज्वारी निम्म्याच्याही खाली गेलेली. रावजीने कपाळ बडवून घेतले. भिवराचे खोपट पेवाला लागूनच होते, आणि बाकीच्या चुली थंड असताना तिच्या छपरातून रोज धूर निघे. ती बिचारी तरोट्याचा पाला उकडून खात होती. पण लोकांना दुरून धूर तेवढा दिसायचा.

तेव्हाच्या गुरवाने म्हणे तोड काढली. प्रत्येकाने घरचे मूठभर दाणे आणायचे आणि देवळापुढच्या खापरात टाकायचे. चोराचे दाणे फुटणार नाहीत. ज्याचे फुटणार नाहीत, त्याने गाव सोडायचे.

भिवराच्या घरात दाणा नव्हता. चुलीवरच्या आढ्याला बियाण्याची चार कणसे तेवढी टांगलेली होती. नवऱ्याने आपल्या हाताने बांधलेली. उपाशी राहूनही तिने त्यांना हात लावला नव्हता, कारण पाऊस आला की त्यांच्यावरच तिचे रान उभे राहणार होते. तिने एक कणीस उतरवले आणि चोळले. दाणे धुराने काळवंडलेले, खडखडीत लागले.

शेजारची गोदामावशी दारातून म्हणाली, "बियाणं मोडतेस होय गं?"

"एकदा फुटू देत, मावशी. लोकांची तोंडं तरी मिटतील."

देवळापुढे सारा गाव जमला. कुणाचे दाणे थोडे फुटले, कुणाचे बरेच. मग रावजीची मूठ पडली आणि खापर ताडताड वाजू लागले. पांढऱ्याशुभ्र लाह्या उड्या मारत पायरीपर्यंत गेल्या. लोक वाहवा करू लागले. भिवराला मात्र वास आला. पेवात राहिलेल्या ज्वारीला उबट वास येतो, तो. तिने आजूबाजूला पाहिले. पाटलांनीही नाक वर करून वास घेतला होता.

मग तिचे दाणे पडले. आवाज नाही. ते नुसते फिरत राहिले, काळे पडले, धूर निघाला.

"बघा!" रावजी म्हणाला. "देवाला सगळं कळतं."

"अहो पाटील, त्याच्या लाह्यांचा वास घ्या की! पेवातली ज्वारी आहे ती. दाण्यात ओल असली तर तो फुटतो. माझं बियाणं दोन वर्षं धुरावर वाळलंय, ते कसं फुटेल?"

"प्रसादाच्या लाह्या आहेत," पाटील म्हणाले. "त्यांचा वास घ्यायचा नसतो."

लाह्या वाटल्या गेल्या. लोक उपाशी होते. भिवरा बघत राहिली. एकेकाने लाही तोंडाशी नेली, नाकाजवळ क्षणभर थांबवली, आणि खाल्ली.

"मावशी, तुम्ही तरी सांगा!"

गोदामावशीचा घास तोंडातच होता. तिने मान खाली घातली.

थोड्याच वेळात वास घ्यायला एकही लाही उरली नाही. उरलेली तीन कणसेही चोरीचीच ठरवून पाटलांनी ठेवून घेतली. भिवराने खापरातले आपले जळके दाणे पदरात बांधले आणि ती खिंडीच्या वाटेला लागली.

पुढे पाऊस आला. रावजीच्या गोठ्याची जमीन खचली आणि खाली पुरलेली ज्वारी वर आली. माणसे धावत खिंडीत गेली. या धोंड्यावर तिच्या पदराची चिंधी होती, तिच्यात ते दाणे. भिवरा कुणाला पुन्हा कधीच दिसली नाही. ते दाणे गोदामावशीने धोंड्यापाशी पेरून पाहिले म्हणे. भाजलेले दाणे, ते काय उगवणार?

आजही कातळवेढ्यात लाह्यांच्या तळाचे दाणे कुणी फेकत नाही. मुली आता कुकरमध्ये मक्याच्या लाह्या फोडतात, तरी न फुटलेले दाणे वेगळे काढतात. धोंड्यापुढे ते ठेवताना एवढेच म्हणायचे असते, "भिवराई, वास आला होता." मोठ्या बायका ते खाली बघून पुटपुटतात. लहान मुलींना वाटते, ताज्या लाह्यांच्या खमंग वासाबद्दलच हे बोलायचे असते. त्या हसत, मोठ्यांदा म्हणतात. सोनबा गुरव त्यांना काही सांगत नाहीत.