काठावर बोलत बसलेला तिम्मा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की माझ्या पणजीनंही ती म्हाताऱ्या माणसांकडूनच ऐकली होती. हिवरखडी गावात तिम्मा नावाचा विहिरी खोदणारा राहायचा. तो जमिनीला कान लावायचा आणि पाणी किती हात खाली आहे ते सांगायचा. पाणी तेवढ्यावरच लागायचं, असं म्हणतात.

एके दिवशी मळ्यातली विहीर खोदताना कड ढासळली आणि तिम्मा गाडला गेला. दगड एकमेकांत असे अडकले, की तो जिवंत राहिला. वरचं सगळं त्याला ऐकू येत होतं. लोक रडले, मग कुणीतरी म्हणालं, "गेला बिचारा," आणि सगळे घरी गेले. तो ओरडत होता, पण आवाज वर पोचत नव्हता. तिसऱ्या दिवशी गाव विहीर बुजवायला आलं. त्याची बायको नागव्वा खाली वाकली, तर तिला दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला. तिनं हातांनी माती उकरायला घेतली, तेव्हा कुठे बाकीचे हलले.

तिम्मा वाचला, पण पहिला तिम्मा राहिला नाही. त्यानं पहार टाकली आणि गुरं राखायला लागला. छपराखाली झोपेना, अंगणातच पडायचा. घागरीत डोकावलं तरी त्याला घाम फुटायचा. लोक हसायचे. जिवंत माणसाला बुजवायला निघालेले हेच, आणि हसायलाही हेच पुढे! नागव्वानं एकदा विचारलं, "अंधाराला येवढं भ्यालासा?"

"अंधाराचं काय नाय गं," तो म्हणाला. "वर कुणी बोलंना झालं, तितं मी मेलो."

चार वर्षं गेली. गावविहिरीचं काम निघालं, आणि खाली पाट्या भरणारी गोजरा नावाची नवी सून दरड कोसळून गाडली गेली. सासूनं ऊर बडवला. लोक रडले, आणि कुणीतरी पुन्हा तेच म्हणालं, "गेली बिचारी."

पण तिम्मा गुरं सोडून धावत आला होता. "खबरदार कुणी घरी गेलं तर!" तो ओरडला. "ती ऐकतीया!"

त्याला खाली उतरवेना. मग तो काठावर पालथा पडला आणि खाली तोंड करून बोलायला लागला. देवाधर्माचं नाही, धीराचं नाही. "गोजरे, तुझ्या सासूनं आज आमटीत दोनदा मीठ घातलं बघ!" थोड्या वेळानं खालून टक टक ऐकू आली, आणि गाव खणायला लागलं. तिम्मा दोन दिवस, दोन रात्री बोलत राहिला. कुणाची म्हैस व्याली, कुणाचं कुणाशी वाजलं, सगळं सांगितलं. त्याचा आवाज बसला, तरी नुसती कुजबुज खडकातून आरपार जायची, असं म्हणतात.

शेवटी एक मोठा दगड राहिला. तो चुकीचा हलला असता तर सगळं तिच्या अंगावर आलं असतं, आणि दगडाची नस फक्त तिम्मालाच ठाऊक. त्याची भीती काही गेली नव्हती. ती बरोबर घेऊनच तो दोराला धरून उतरला, आणि उतरतानाही बोलत होता. पहार लावली, दगड सरकला आणि गोजराचा हात त्याच्या हातात आला. त्याच जागी झरा फुटला आणि पाण्यानं दोघांना अलगद काठावर आणून सोडलं, असं म्हणतात. वर आल्या आल्या गोजरा सासूकडे वळली. "आत्याबाई, आमटी खरंच खारट झालीया?"

तिम्मा त्यानंतरही जन्मभर अंगणातच झोपला. पण त्याला कुणी हसलं नाही. कुठे कड ढासळली की त्याला बोलावणं यायचं, आणि पुढे पुढे जिथं माणूस दुःखाखाली गाडलं गेलंय, तिथंही तो जायला लागला. "पयलं मला नुसतं पाणी ऐकू यायचं," तो म्हणायचा. "आता मानूस बी ऐकू येतंय."

हिवरखडीत आजही विहीर खोदताना काठावर एक माणूस नुसता बोलायला बसतो. आणि कुणाच्या घरावर आभाळ कोसळलं, तर शेजारचं कुणीतरी रोज दारात येऊन बसतं. धीर धरा, असं म्हणायचं नाही. गावातल्या बारीकसारीक गोष्टी सांगायच्या, आतून उत्तर येवो न येवो. याला तिथं 'तिम्माचं बोलणं' म्हणतात. मागच्या वर्षी सुंद्राबाईचा तरणा मुलगा गेला. तिच्या बंद दारासमोर शेजारची कोंडाबाई एकोणीस दिवस बोलत होती. विसाव्या दिवशी ती सांगत होती, की शिवाप्पाची शेळी कोथिंबिरीचा सगळा वाफा खाऊन गेली. तेवढ्यात दाराआडून आवाज आला.

"शेळी नव्हं गं, बोकड हुता त्यो. मी बघितला."