दवंडीविना बैठक

एका गावात सोमाजी नावाचा एक म्हातारा माळी राहत होता. लहानपणी ऐकलेली दवंडीची हलगी त्याच्या कानात अजून घुमायची. तो आवाज आला की त्याचा बाप हातातला घास ताटात ठेवून चावडीकडे निघायचा.

एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर तळे काठोकाठ भरले. जादा पाणी कुठे सोडावे, यावरून दोन आळ्या हमरीतुमरीवर आल्या. राजाच्या न्यायाधीशाने पाच पंच नेमले, सोमाजीला त्यांचा मुख्य केले. अट एकच घातली. आधी तीन दिवस दवंडी द्यायची आणि चावडीचे दार उघडे ठेवून बसायचे.

तेव्हा गणोजी पंच हसून म्हणाला, "सोमाजीबाबा, दवंडी दिली तर अख्खा गाव येईल. निम्मे भांडायला, निम्मे भांडण बघायला. आपण काय कुणाचं वाईट करणार आहोत?"

सोमाजीला ते पटले. पंचांनी हलगीवाल्याला घरी पाठवले आणि दार लावून घेतले. कुणाचीही बाजू घेतली नाही. गावाबाहेरचा खड्डा ओसाडच आहे, पाणी तिकडे सोडावे, असे पाचही जणांनी ठरवले. घटकाभरात काम झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याची मोरी उघडली.

दुपारी सोमाजी कौतुकाने पाणी बघायला गेला आणि काठावरच थिजला. खड्ड्यात उन्हापासून आडोशाला येसू कुंभारणीने कच्ची मडकी आणि दिवाळीच्या पणत्या सुकायला मांडल्या होत्या. उद्या सगळे आव्यात भाजायचे होते. दोन महिन्यांची मेहनत. आता तिथे नुसता लाल गाळ होता. एका मडक्याचा काठ तेवढा वर दिसत होता. बघता बघता तोही विरघळला.

येसू गुडघाभर पाण्यात उभी होती.

सोमाजी म्हणाला, "पोरी, आम्हाला सांगायचं तरी."

"कधी सांगू, बाबा? हलगी वाजेल म्हणून मी रोज कान लावून बसले होते."

ती वर आली. मुठीतला ओला चिखल तिने सोमाजीच्या तळहातावर ठेवला आणि निघून गेली.

तात्पर्य: ज्यांचा न्याय करायचा, त्यांना बोलावून, त्यांच्या देखतच करावा. मन कितीही स्वच्छ असले, तरी लावलेल्या दारातून बाहेरचे दिसत नाही.