येसबाने बहिणीसाठी गाडी सरळ केली

एका गावात एक भोळा भाऊ होता. नाव येसबा. भोळा म्हणजे असा, की सांगितलेलं कधी विसरायचा नाही. घोळ तिथेच होता.

शहरातल्या पोरांचं बघून त्याने आपली गाडी खाली, पार जमिनीलगत बसवून घेतली होती. दिसायची झकास. पण मागची चाकं वरून आत कलली आणि टायर आतल्या बाजूने घासून गुळगुळीत झाले. त्यात धाकट्या बहिणीचं, सुनंदाचं, लग्न ठरलं. येसबाचा तिच्यावर भारी जीव. सासरी पोचवायची तर याच गाडीतून, असं त्याने मनाशी धरलं होतं.

गॅरेजवाले हणमंतमामा म्हणाले, "असल्या टायरवर नवरी बसवू देणार न्हाई. मागचे आर्म बदल. चाकाला धरून ठेवणारा दांडा असतो त्यो. तालुक्याला जा, मजबूत बघून आण."

"कळलं," येसबा म्हणाला आणि ट्रॅक्टरचा दांडा घेऊन आला. त्याहून मजबूत दुकानात काही नव्हतं.

मामा म्हणाले, "आरं, जुना शेजारी धरून बघायचा, जुळतोय का."

"कळलं."

येसबा कळलं म्हणाला की आई देवाला हात जोडायची. पण लग्नघरात माणसं कमी पडतात. तिने त्याला वडिलांसाठी चपला आणायला पाठवलं. तो वडिलांची जुनी चप्पल बरोबर घेऊन गेला आणि दिवस मावळता परतला.

"टाच अशीच झिजलेली मिळंना गं. शेवटी देवळाबाहेर सापडली."

"मेल्या, लग्नघर हाय. नवं, झळझळीत घ्यावं."

"कळलं."

मग त्याने आर्म आणले ते आरशासारखे झळझळीत. मामांनी जुन्याशेजारी धरून बघितले.

"माप तेच, म्हंजे चाक तिरकंच ऱ्हाणार. गाडी खाली बसलीया, आता लांबी कमी-जास्त करता येणारा आर्म पायजे. हातात धर, पीळ दे, फिरतोय का बघ, मगच घे."

"कळलं."

वाटेत आईने सांगितलेल्या शेवग्याच्या शेंगा घ्यायच्या होत्या. येसबाने एकेक शेंग पिळून बघितली. एकही लांब होईना, म्हणून एकही घेतली नाही. शेंगवालीने त्याला पार आर्मच्या दुकानापर्यंत पळवलं. हाच त्या दिवशीचा फायदा, कारण पिळायचं डोक्यात ताजं होतं. आर्म बरोबर आले.

मामांनी ते बसवले आणि बसवता बसवता समजावलं, "एका बाजूला पिळलं की दुसऱ्या बाजूलाबी तेवढंच पिळायचं. न्हाईतर गाडी एका अंगाला फरफटती. मग स्टेरिंग सोडून बघायचं, सरळ जातीया का."

गाडी सरळ गेली. येसबाला रडूच आलं. "कळलं, मामा," तो म्हणाला. आई हळदीच्या गडबडीत होती, तिला काही ऐकू आलं नाही.

लग्नाच्या दिवशी फुलांनी सजवलेली गाडी मांडवाच्या दारात उभी राहिली. अक्षता पडल्या. भटजींनी हाक दिली, "नवरीचा भाऊ कुठे आहे? या, नवरदेवाचा कान पिळा."

हा भावाचा मान. कान जरासा पिळायचा, जावयाने आहेर द्यायचा, मंडळींनी हसायचं.

येसबाने कान धरला, पीळ दिला. फिरेना, म्हणून जोर लावला. नवरदेव कळवळला. मंडळी हसली. येसबाने दुसरा कान धरला आणि तेवढाच पिळला. मंडळी हसायची थांबली.

"आता सोडतो," येसबा म्हणाला.

सोडल्याबरोबर नवरदेव दोन्ही कान धरून उठला आणि मांडवाबाहेर निघाला. त्याच्या उपरण्याची गाठ सुनंदाच्या शालूला मारलेली, त्यामुळे तीही मागोमाग निघाली. सजवलेली गाडी ओलांडून दोघं तरातरा यष्टी स्टँडच्या रस्त्याला लागली. मागून दोन्हीकडचे वऱ्हाडी धावले.

येसबा मात्र मांडवाच्या दारात गुडघे टेकून, एक डोळा मिटून बघत राहिला.

"मामा," तो शेजारी उभ्या हणमंतमामांना म्हणाला, "जरासुदिक फरफट न्हाई. दोघंबी एका रेषेत चाललीत."