खोबऱ्याची आढी

फार पूर्वीची गोष्ट. डोंगराखालच्या एका गावात एका आईची झोप उडाली होती. तशी चिंता करायला तिला फारसं निमित्त लागत नसे. तांदूळ निवडायला घेतले, तरी खडा दाताखाली येईल या भीतीने तिची दाढ आधीच ठणकायची. पण या वेळची चिंता खरी होती.

तिच्या परसात आंब्याचं एक म्हातारं झाड होतं. सगळं गाव त्याला खोबऱ्या म्हणे. लेक जन्मल्यापासून त्याला फळच धरलं नव्हतं. यंदा धरलं, तर खोड किडीने आतून पोखरलेलं. पानं वाळत चाललेली. म्हणजे ही टोपलीभर फळं शेवटची. लेकीला ती पुरणार किती दिवस? आणि मग?

आईने आंबे हलक्या हाताने, देठ राखून उतरवले. माळ्याच्या गार कोपऱ्यात भाताचा पेंढा पसरून त्यात ते पिकत घातले. आढी लागली.

गावात एक रीत होती. आढी रोज सकाळी पोरांनी हुंगायची. वास येईल तिथला पेंढा सारायचा, पिकलेला आंबा काढायचा आणि तिथेच बसून खायचा.

लेक शिडीशी येऊन उभी राहिली. "आई, मी हुंगू?"

"नको गं राणी. सारखं उघडलं की वारा लागतो. लवकर पिकतील आणि लवकर संपतील. तुझ्यासाठीच राखतेय ना मी?"

आणि आईने आढीला तट्ट्याचा आडोसा केला. वर फटीसुद्धा शेणाने लिंपून टाकल्या.

थोड्याच दिवसांत घरभर गोड वास सुटला.

"आई, एक पिकला! दे ना!"

"आज खाल्लास तर उद्या काय खाशील?"

"उद्या दुसरा."

"आणि परवा? तेरवा?"

लेकीला परवाच्या पुढचं मोजता येत नव्हतं. आईला येत होतं, हीच तिची पंचाईत.

वास कुंपणापलीकडे गेला तशी शेजारची काकू आली. "अगं बाई, आढी घातलीस की आंब्यांना तुरुंगात घातलंस? पोरं आढी हुंगतात ते काय नुसते लाड म्हणून? पिकलेला वेळेवर काढला नाही, तर तो शेजारच्यालाही पिकवतो. आणि नासला, तर सगळ्यांना घेऊन जातो."

"काकू, तुमची झाडं रांगेने उभी आहेत. माझं एकच आहे. तेही चाललंय."

"मग तर तू आधी उघडायला हवंस."

आईला पटलं. अगदी पटलं. लिंपलेल्या फटीवर तिने बोटही ठेवलं. पण उघडलं की संपायला सुरुवात होणार, या विचाराने बोट मागे आलं. उद्या उघडू, ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली.

मग एका सकाळी वास आंबूस झाला. माळ्यावर चिलटं घोंघावू लागली. आईने धावत जाऊन तट्टा ओढून काढला.

मधोमध एक आंबा काळा पडून फुटला होता. त्याचं पाणी पेंढ्यात उतरलं होतं. त्याच्या भोवतीचे सगळे तसेच. कडेचे दोन वरून चांगले दिसत होते. तिने विळीवर चिरले, तर कोयीपर्यंत काळे.

सगळे आंबे टोपलीत भरून तिने ती उकिरड्यावर रिकामी केली. परसात खोबऱ्याच्या फांद्यांवर आता पानही उरलं नव्हतं. ती उन्हात तशीच उभी राहिली. रडायचंही तिला सुचेना.

तात्पर्य: पिकलेलं वेळेवर हातात द्यावं; उद्यासाठी कोंडलेला गोडवा स्वतः नासतो आणि उरलेल्यालाही नासवतो.

लेकीला मात्र तात्पर्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती रिकाम्या टोपलीत डोकावली, नाक खुपसून वास घेतला आणि आईकडे बघत म्हणाली, "आई, खोबऱ्या लागायचा कसा गं? खोबऱ्यासारखा?"