मिटलेल्या डोळ्यांची राखण

करवंदीच्या जाळ्या माजलेल्या एका जंगलात एक कोल्हीण राहत असे. नाव विचारू नका, जनावरांना नाव लागत नाही. स्वभावाने भित्री, पान पडलं तरी पिल्लं पोटाखाली ओढणारी. तिथले कोल्हे चंद्राला भजत. चंद्र डोंगरावर आला की माळावर जमून, डोळे मिटून, नरडं ताणून आळवणी करत. समोरच्या कड्यावरची वानरं सूर्याची भक्त. सूर्य उगवला की उन्हाकडे तोंड करून तीही डोळे मिटून बसत. दोघांचं बरं चाललं होतं. पण बरं चाललेलं ज्याला बघवत नाही असा एक असतोच. इथे तो लंगडा तरस होता. शिकारीचा त्याला कंटाळा. दुसऱ्यांच्या मारामारीत पडलेले मुडदे आयते मिळाले तर हवेच होते.

एका संध्याकाळी आळवणी संपली, कोल्हिणीने डोळे उघडले, तर तीन पिल्लांतलं एक नाही! रडून रडून तिचा घसा बसला. तेवढ्यात तरस आला. "माझ्या डोळ्यांनी बघितलं. वानरानं उचललं." झालं! तिचा सासरा कळपाचा म्होरक्या. तो गरजला, "आपले डोळे मिटलेले असतात तेव्हा उघडे कुणाचे असतात? त्यांचेच! उद्या सकाळी ते मिटतील, तेव्हा आपले उघडे असतील." सगळ्यांनी दात विचकले. कोल्हीण मात्र कड्याकडे बघत राहिली. कड्यावरून दगड सुटले तर खाली पहिलं बीळ तिचंच, आणि बिळात उरलेली दोन.

ती गुपचूप कड्याखाली गेली. एक म्हातारी वानरीण फांदीवर डोकं खाजवत बसली होती.

"खायला आलीस का मला?"

"नाही आजी. विचारायला आले. माझं पोर…"

"तुझं? अगं, परवा आमचं गेलं! कोल्ह्यांनी नेलं, असं तो तरस सांगून गेला. आमची पोरं तेव्हापासून दगड गोळा करतायत."

"तोच लंगडा?"

"तोच मेला! सांग जाऊन तुझ्या सासऱ्याला."

"ऐकायचे नाहीत. तुमचे ऐकतील?"

"आमचे तर त्याहून गाढव."

कोल्हिणीने वळून आपल्या बिळाकडे बघितलं. मग म्हणाली, "आजी, तुमच्या आळवणीच्या वेळी मला काही काम नसतं. मी डोळे उघडे ठेवून बसते. आमच्या वेळी तुम्ही बसा."

"आणि तूच एखादं उचललंस तर?"

"माझी दोन खालीच आहेत. आणि दगड तुमच्याकडे."

म्हातारीने डोकं खाजवायचं थांबवलं. "ये उजाडायला," ती म्हणाली.

सूर्य वर आला. वानरांनी डोळे मिटले. जाळीतून कोल्हे पुढे सरकले, आणि बघतात तर मध्ये सूनबाई! सूर्याकडे पाठ, वानरांकडे पाठ, तोंड आपल्याच गोताकडे.

"बाजूला हो," सासरा गुरगुरला.

"नाही, मामंजी."

"घरातच फितूर निघाली!"

"म्हणा फितूर. पण आधी मला तुडवा, मग पुढे जा." असं म्हणून ती वाटेतच खाली बसली.

सासरा घुटमळला. मारामारी सुरू होईना, तसा तरसाला दम निघेना. आपणच काडी लावावी म्हणून तो कड्याच्या आडोशाने आला आणि कडेचं वानरपिल्लू त्याने तोंडात धरलं. कोल्हिणीला डोळ्याच्या कोपऱ्यातून ते दिसलं. तिकडे मान वळवून ती जिवाच्या आकांताने ओरडली. वानरांनी डोळे उघडून मागे बघितलं, तर काय? कोल्हे! तरण्या वानरांनी दगड उचलले. पोरांनो, त्या एका क्षणात दोन्ही जमातींचा निकाल लागला असता.

"दगड खाली!" म्हातारी कडाडली. "ती माझ्या सांगण्यावरून बसलीय. ती कोण आहे ते काय बघताय, ती कुठे बघतेय ते बघा!"

तेव्हा सगळ्यांना तरस दिसला. सासऱ्यानेच धावत जाऊन त्याची वाट अडवली, वरून दगडांचा मारा झाला. पिल्लू टाकून तरस जो पळाला, तो पुन्हा त्या जंगलात फिरकला नाही.

कोल्हिणीचं गेलेलं पिल्लू काही परत आलं नाही. गोष्टीत सगळं परत येतं असं कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. त्या संध्याकाळी चंद्र वर आला, कोल्ह्यांनी डोळे मिटले. तिला काही मिटवेनात. दोघांना पोटाशी धरून ती अंधारात बघत राहिली. तेवढ्यात माळाच्या कडेच्या झाडातून, चंद्राकडे पाठ करून बसलेली म्हातारी खेकसली, "मीट की डोळे! मी काय इथे शोभेला बसलेय?"

कोल्हिणीने डोळे मिटले.

तात्पर्य : दुसऱ्याच्या देवाला हात जोडा असं कुणी म्हणत नाही, पण तो हात जोडून बसला असेल तेव्हा त्याच्या पोरांवर नजर ठेवा, म्हणजे तुमचे डोळे मिटतील तेव्हा तुमची पोरं तो सांभाळील. आणि कुणी कानाशी लागून कुणाचं नाव घेतलं, तर दगड उचलण्याआधी ज्याचं नाव घेतलं त्याच्याच दारी जाऊन विचारा.